आकडे काढणाऱ्याची सनद कुठे आहे?

भाईंदरमध्ये नोंदणी नसताना कोणी दवाखाना थाटला तर पोलीस त्याला उचलतात. आम्हा वकिलांना कोर्टात उभे राहायला बार कौन्सिलची सनद लागते आणि गैरवर्तन केले तर ती जातेही. ताळेबंदावर सही करणारा सीए 1949 च्या कायद्याने बांधलेला आहे. पण कोट्यवधी बहुजनांचे आरक्षण ज्या आकड्यांवर ठरते, ते काढणाऱ्याला कोणती सनद लागते? कोणतीच नाही!

विकास गवळी प्रकरणात 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी इम्पिरिकल डेटा मागितला. त्यातून बांठिया आयोग आला. 2022 च्या अहवालात ओबीसी 37 टक्के निघाले. कसे? मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून! जाधव, गायकवाड, मोरे मराठ्यांत आहेत, ओबीसींत आहेत, बौद्धांतही आहेत. उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्याचे आडनाव पोर्तुगीज, तर मीरा रोडचा यादव उत्तर प्रदेशातून आलेला. अशा शहरात आडनावावरून जात कशी कळणार? गंमत अशी, की बांठिया स्वतः 2001 च्या जनगणनेचे आयुक्त होते. म्हणजे खुर्चीत जाणकार बसवून भागत नाही. पद्धत ठरवणाऱ्याची सही आणि जबाबदारी लागते.

मराठा आरक्षणातही तेच. गायकवाड आयोगाने मराठ्यांचा नोकरीतला वाटा एकूण पदांशी ताडला. 5 मे 2021 च्या निकालात न्यायालयाने तो खुल्या प्रवर्गातील भरलेल्या पदांशी ताडला, तर अ वर्गात 33.23 टक्के निघाला. अंश तोच, फक्त छेद बदलला. कायदा पडला तो 50 टक्क्यांच्या मर्यादेसह इतर मुद्द्यांवरही, पण छेद चुकवणाऱ्याला कोणी जाब विचारला?

बाबासाहेबांना हा खेळ ठाऊक होता. 1932 मध्ये लोथियन समितीपुढे काही प्रांतांनी अस्पृश्यांची संख्या एकदम घटवून दाखवली, तेव्हा त्यांनी स्वतंत्र टिपण देऊन ती खोडली.

ब्रिटनमध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी 'चार्टर्ड स्टॅटिस्टिशियन' ही मान्यता देते. ती ऐच्छिक आहे, पण घेणाऱ्यावर आचारसंहिता येते. आपल्याकडे असे झाले तर वरून दबाव आल्यावर खालच्या माणसाला "माझी सनद जाईल" असे म्हणता येईल. एरवी उरतो तो राजीनामा. बेरोजगारीचा अहवाल दडपल्यावर जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी तोच दिला.

माझी एक धास्ती आहे. अशी परिषद प्रस्थापितांच्या हाती गेली, तर जबर फी आणि इंग्रजी मुलाखतीच्या नावाखाली आपली पोरे बाहेरच राहतील. म्हणून तिच्या घटनेतच आपले प्रतिनिधी हवेत.

1 मार्च 2027 च्या संदर्भ तारखेची जनगणना जातीनिहाय होणार आहे. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतले जातींचे आकडे केंद्राने सदोष ठरवून बाहेर येऊच दिले नाहीत. या वेळी वर्गीकरण कोण करणार, त्यांची नावे आणि पद्धत आधी जाहीर करा, ही मागणी आपल्या संघटनांनी आताच लेखी नोंदवावी.