चार वर्षांची फट

मुलांची १९ वर्षांखालील जागतिक बास्केटबॉल स्पर्धा १९७९ मध्ये ब्राझीलला सुरू झाली. मुलींची १९८५ मध्ये, अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्सला. सहा वर्षांचा हा विलंब डोळ्यांत भरतो खरा. पण मोठा अन्याय वेळापत्रकात दडलेला होता. स्पर्धा चार वर्षांनी एकदाच होई. १९८५ मध्ये सोळा वर्षांची असलेली खेळाडू १९८९ च्या बिल्बाओ स्पर्धेच्या वर्षी विसाव्यात, म्हणजे अपात्र! ऐन भराची वर्षे मधल्या फटीत गेली. (नियम मुलांनाही तोच; मात्र त्यांच्यापुढे एनबीए होती, डब्ल्यूएनबीएचा पहिला हंगाम १९९७ चा.) सोव्हिएत संघाने पहिल्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, १९९३ मध्ये सोलला ऑस्ट्रेलिया जिंकला, तेव्हा तो देशच उरला नव्हता. द्वैवार्षिक स्पर्धेसाठी मुलींना २००७ उजाडावे लागले.