सगळ्यात अवघड खेळ कोणता? आधी हे वाचा!

कॅन्टीनमध्ये हा वाद तुम्हीही कधीतरी घातला असेल. क्रिकेटवाला म्हणतो, 'ताशी १४० किलोमीटरने येणारा बॉल खेळून दाखव, विचार करायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो.' फुटबॉलवाला नव्वद मिनिटांच्या धावपळीचं सांगतो. कबड्डीवाली म्हणते, 'सात जणींच्या कोर्टात एकटी जाऊन परत ये, मग बोल.' आणि कुणी जिम्नॅस्टिक्सचं नाव काढलंच, तर हमखास ऐकू येतं, 'त्यात काय, कोलांट्याउड्या तर मारायच्या!'

माझं मत मात्र जिम्नॅस्टिक्सलाच.

बहुतेक खेळांत अवघडपणाला वेगळे मार्क नसतात. बॅटची कड लागून गेलेली फोर असो की देखणा कव्हर ड्राइव्ह, रन चारच. जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र अवघडपणा चक्क मोजतात. एक स्कोअर डिफिकल्टीचा, दुसरा एक्झिक्युशनचा, म्हणजे किती सफाईने केलं त्याचा. दोन्हींची बेरीज करायची.

२०१६ची रिओ ऑलिम्पिकमधली व्हॉल्टची फायनल आठवा. आपल्या दीपा कर्माकरने प्रोदुनोव्हा मारला. धावत येऊन टेबलावर हात टेकायचे, हवेत पुढच्या बाजूने दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. डिफिकल्टी ७.०. गोल्ड जिंकलेल्या सिमोन बाइल्सच्या दोन्ही व्हॉल्टची डिफिकल्टी याहून कमी होती! पण सफाईत बाइल्स खूप पुढे होती. दीपा चौथी आली, ब्राँझ फक्त ०.१५ने हुकलं. म्हणजे सगळ्यात अवघड ते करायचंच, वर ते सोपं वाटेल असंही करायचं. 'त्यात काय' असं आपल्याला वाटतं, ते म्हणूनच.

माझ्या मताचं दुसरं कारण मोठं आहे. चुकीची किंमत. क्रिकेटमध्ये शून्यावर आउट झालात, तर पुढची मॅच असते. कबड्डीत बाद झालात, तर टीमने पॉइंट काढला की पुन्हा कोर्टात येता. प्रोदुनोव्हात दुसरी कोलांटी अर्धवट राहिली, तर थेट मानेवर पडायचं. फास्ट बॉलरचा बॉलही डोक्याला लागू शकतो, मान्य. पण इथे हा धोका प्रत्येक उडीत आहे.

म्हणूनच टोकियो ऑलिम्पिकमध्ये बाइल्सने टीम फायनल एका व्हॉल्टनंतर सोडली. हवेत आपण नेमके कुठे आहोत, हेच तिच्या शरीराला कळेनासं झालं होतं. जिम्नॅस्ट याला 'ट्विस्टीज' म्हणतात. सोफ्यावर बसलेल्या कितीतरी जणांनी तिला पळपुटी ठरवलं. त्याच टोकियोत ती परतली आणि बीमवर ब्राँझ घेऊन गेली. २०२४मध्ये पॅरिसमध्ये तर तीन गोल्ड!

तर दोस्तांनो, कॅन्टीनमधला वाद चालू द्या, मजा येते. पण तुमच्या कॉलेजातली एखादी जिम्नॅस्ट 'आज ही उडी नको' म्हणाली, तर 'घाबरलीस का?' असं विचारू नका. हवेत काय होतंय हे फक्त तिला कळतं. तिथे 'नाही' म्हणणं हीसुद्धा तिच्या खेळातली एक अवघड गोष्ट आहे, आणि तिला कुणी मार्क देत नाही.