सहलीत न दिसलेला द्राक्षमळा

यंदा फेब्रुवारीत आमच्या अर्थशास्त्र विभागाची अभ्याससहल नाशिक परिसरात गेली. तिचा रीतसर वृत्तान्त याच अंकात कोणीतरी लिहिलेला असेलच. निघण्याची वेळ, अंताक्षरी, पंक्चर झालेले चाक हे सारे त्यात येईल. मला सांगायचे आहे ते निराळे. वाईनच्या मुलखात जाऊन खाणे, पिणे आणि पाहणे या तिन्ही गोष्टी आम्ही मनापासून केल्या. परंतु पाहण्याच्या बाबतीत आपण कमी पडलो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोटीस बोर्डावर ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योगास भेट’ असे शब्द होते. मुकुंदवाडीला घरी मीही तेच शब्द वापरले, कारण आईच्या लेखी वाईन काय आणि दारू काय, एकच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिला घोर लावायला नको. अण्णा मात्र हसले. “दिंडोरीकडं का? तिकडचे मळे मला पाठ हायेत,” एवढेच म्हणाले. चिकलठाण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागण्यापूर्वी त्यांनी सहा हंगाम तिकडे छाटणीच्या टोळीत काढले आहेत. हे मला ठाऊक होते. पण त्याविषयी मी कधी एक प्रश्नही विचारला नव्हता.

वैजापूर, येवला, विंचूर करीत आम्ही निफाडच्या पुढे आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळेच मळे दिसू लागले. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये गंगापूर धरणाजवळ ‘सुला’ची स्थापना केली, 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले, आणि पाहता पाहता नाशिकला ‘वाईनची राजधानी’ हे बिरुद चिकटले. आम्ही गेलो ती वायनरी वेगळी आणि लहान होती. माहिती देणारा तरुण दिंडोरी तालुक्यातलाच. किती छान बोलत होता! खाण्याचे द्राक्ष पातळ सालीचे व बिनबियांचे हवे. वाईनचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे. लाल वाईनचा रंग सालीतून उतरतो, कारण काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा पांढराच असतो. ओकची पिंपे, पोलादी टाक्या, त्यांचे तापमान, सारे त्याने सांगितले. मग चाखण्याचा कार्यक्रम. आपल्या राज्यात वाईनसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे आम्हाला द्राक्षाचा रस मिळाला. सरांनीही रसच घेतला, निदान आमच्यासमोर तरी. दुपारी एका मळ्यातच मांडवाखाली मिसळ खाल्ली. तर्रीने डोळ्यांत पाणी आले तरी मी दुसरा पाव मागितला. तेव्हा मला मजा आली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

परतताना येवल्याला पैठणीची दुकाने पाहून मुलींमध्ये जरीची चर्चा सुरू झाली. जरीवरून सोने, आणि सोन्यावरून सरांनी कर्नाटकातील कोलारचा विषय काढला. ज्या कोलारचा प्रदेश एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता, तिथल्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या आणि 2001 मध्ये बंद पडल्या. जवळच नंदी डोंगराच्या पायथ्याशी आज वाईनचे मळे आहेत. सोने सायनाइडने काढून घेतल्यावर उरलेल्या मातीच्या टेकड्या कोलारला अजून उभ्या आहेत, आणि तिथे चित्रपटांचे चित्रीकरण होते. लोक टेकडीसमोर छायाचित्र काढून घेतात. दगडाची धूळ फुप्फुसात घेऊन गेलेला कामगार त्या छायाचित्रात कुठून येणार? हे ऐकताना माझ्या मनात आले की आपण दिवसभर द्राक्षे पाहिली, पण द्राक्षाला हात लावणारे एकही माणूस पाहिले नाही.

घरी आल्यावर अण्णांना प्रथमच नीट विचारले. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठीची. आपल्याकडे थंडी बेताची, वेल पुरती झोपत नाही, म्हणून डोळे एकसारखे फुटत नाहीत. ते फुटावेत यासाठी छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचे औषध लावतात. मजूर त्याला नुसते ‘पेस्ट’ म्हणतात. सायनाइड आणि हे सायनामाईड वेगळे, नावातच काय ते साम्य. पण हेही साधे नव्हे. अण्णा म्हणाले, “पेस्टच्या दिवसांत दारूचा घोट बी चालत नसायचा. तोंड लालभडक व्हायचं, काळीज धडधडायचं. एकाला तर उचलून न्यावं लागलं.” मी पुस्तकात पाहिले, तर ते खरेच आहे. हे रसायन अंगात गेले की शरीराला मद्य पुरते पचवता येत नाही. म्हणजे वाईनची वेल जागी करणाऱ्यालाच त्या दिवसांत वाईनचा थेंब वर्ज्य! ही गोष्ट ओकच्या पिंपांपेक्षा कमी मनोरंजक आहे का? मग ती आम्हाला कोणी का सांगितली नाही?

माझी एक मैत्रीण म्हणते, “तू प्रत्येक ठिकाणी रडगाणे लावतेस. पर्यटक गेले नाहीत तर त्या पोरांच्या नोकऱ्या कुठून येतील?” तिचे म्हणणे मला अर्धे पटते. तो माहिती देणारा तरुण उद्या शेतावर राबण्याऐवजी तिथे मानाने उभा आहे, हे चांगलेच आहे. वाईनवर बहिष्कार घाला असेही मी म्हणत नाही. सहल बंद करा असे तर मुळीच नाही. माझ्यासारखीला नाशिक पाहायला मिळाले ते सहलीमुळेच. माझे म्हणणे एवढेच, की ‘अभ्यास’ हा शब्द सहलीला लावायचा असेल, तर पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांची मजुरी कशी ठरते, उचल किती मिळते, औषध लावताना हातमोजे कोण पुरवतो, हेही अर्थशास्त्रच आहे. चाखण्याच्या खोलीत अर्धा तास कमी बसून ते विचारता आले असते.

म्हणून विभागप्रमुखांना माझी विनंती आहे की पुढची सहल फेब्रुवारीऐवजी ऑक्टोबरमध्ये, छाटणीच्या दिवसांत न्यावी. मिसळ तेव्हाही मिळते.

मी काढलेली मळ्याची छायाचित्रे अण्णांना दाखवली. वायनरीच्या इमारतीकडे त्यांनी पाहिलेही नाही. वेलीचे चित्र बोटांनी मोठे करून ते बराच वेळ बघत राहिले. “काड्या मोजून ठेवल्यात. टोळी चांगली होती,” म्हणाले. ऑक्टोबरचा बेत सांगितला, तर म्हणाले, “सुट्टी मिळाली तर मी बी येतो संगं.”