किल्ल्यांचा दुसरा जोड

बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड त्याच शाखेत ठेवत नाहीत. तो दुसऱ्या शाखेत जमा असतो. सेवाकाळात हा नियम मी निमूटपणे पाळला. त्याचे मर्म मात्र निवृत्तीनंतर, गेल्या मार्चमध्ये आष्टीत उमगले.

तेथील एका परिचित आडत व्यापाऱ्यांचा कापूस, सोयाबीन व तुरीचा सारा हिशेब घरच्या संगणकावर होता. ‘बिल’ म्हणून ई-मेलने आलेली फाइल चिरंजीवांनी उघडली आणि सर्व नोंदी कुलूपबंद झाल्या. पडद्यावर खंडणीची मागणी उमटली. संगणकात अँटिव्हायरस होता, पण त्याची मुदत दिवाळीपूर्वीच संपली होती. शेतकऱ्यांची देणी त्यांनी काटापट्ट्यांवरून, रात्री जागून, नव्याने मांडली. खंडणी दिली नाही. दिली तरी नोंदी परत मिळतील याची हमी कोण देणार?

अँटिव्हायरस हा पहारेकरी आहे. मुख्यतः ज्ञात विषाणूंच्या यादीवरून तो चोर ओळखतो; यादी शिळी झाली की त्याची नजरही अधू होते. म्हणून मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे आणि विंडोजचे अपडेटही टाळू नयेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणक वेठीस धरले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेत बसवली नाही, त्यांनाच प्रामुख्याने फटका बसला.

चांगला पहारेकरी शोधण्यास दूर जावे लागत नाही. विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात अँटिव्हायरस लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. मात्र एका संगणकात दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नयेत. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात. ‘क्रॅक’ केलेली फुकट प्रत तर चोरालाच पहाऱ्यावर बसवू शकते.

तरीही पहारेकऱ्याला कधी डुलकी लागतेच. यास्तव रोज दुकान वाढवताना हिशेबाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर तीही कुलूपबंद होऊ शकते. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते. त्या वहीचा दुसरा जोड आज रात्री कोठे आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे.