पाणी कुठवर आलं होतं, ते लिहून द्या!

रीसेलचा फ्लॅट बघायला जा. एजंट वास्तू, पार्किंग, मेट्रोचं अंतर सगळं न विचारता सांगतो. पुराचं पाणी घरात किती चढलं होतं, हे मात्र विचारूनही सांगत नाही.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा सोसायट्यांत घुसला. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. रंगाचा एक हात मारला की अशा भिंतीवर काय दिसणार, कप्पाळ?

कायदा नाही असं नाही हं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. पण सगळं तोंडी! 'त्याला माहीत होतं' हे सिद्ध करायला मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवा. रेराचा भर बिल्डरच्या नव्या प्रकल्पांवर, तो इथे कामाचा नाही.

म्हणून खरेदीखताला एक सक्तीचं पान जोडा. पाणी कधी आलं, किती फूट, दुरुस्ती काय केली. खाली सही. खोटं निघालं तर भरपाई.

'भाव पडतील' म्हणे. पडू देत की! आज तो फरक घेणारा वीस वर्षं हप्त्यांतून भरतो. पूर विकणाऱ्याने आणला नाही, मान्य. लपवतो मात्र तोच.

तोवर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा, आणि मालकाचं उत्तर करारात लिहून घ्या.