विचारलं खरं, पण ऐकलं का?

घरात लग्नाची तारीख ठरते, हॉल ठरतो आणि मग सुनेला विचारतात, 'तुला चालेल ना गं?' अशा विचारण्याला किती अर्थ असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल लोक, तिथल्या सरकारबद्दल वर्षानुवर्षं हीच तक्रार करताहेत.

त्यांची मुलं सरकारने पिढ्यान्‌पिढ्या आईपासून तोडून नेली. त्याबद्दल २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. त्याच सुमारास आयुर्मान, बालमृत्यू, शिक्षण यांतली दरी मिटवायची उद्दिष्टं ठरली. त्यातली बहुतेक हुकली. ठरवणारे एकीकडे अन्‌ भोगणारे दुसरीकडे, मग होणार तरी काय?

२०२० च्या नव्या करारावर मात्र त्यांच्या संस्थांच्या आघाडीनेही सही केली. निर्णय मिळून घ्यायचे, त्यांच्या संस्थांना बळ द्यायचं, सरकारी खात्यांनी स्वतःला बदलायचं आणि माहिती वाटून घ्यायची, या चार गोष्टी त्यात आहेत. म्हणजे आता मोजमाप सरकारच्या वागण्याचंही! फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या उत्पादकता आयोगाने पहिला आढावा दिला. निष्कर्ष काय, तर सरकारांचा कारभार बराचसा पूर्वीसारखाच चालू आहे.

पण नातं मोजायचं कसं? किती बैठका झाल्या, हे मोजणं सोपं. पैसा कोणाच्या हातात, विषय कोणी ठरवला, 'नाही' म्हटल्यावर काय झालं, हे विचारणं अवघड. मला तर ब्रिस्बेनचं उदाहरण फार बोलकं वाटतं. २०१३ मध्ये तिथे ॲबोरिजिनल समाजाच्या आरोग्य संस्था आणि एक मोठं प्रसूती रुग्णालय एकत्र आले. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकच ओळखीची प्रशिक्षित सुईण, सोबतीला आपल्याच समाजातली कार्यकर्ती. २०१९ च्या अभ्यासात या सेवेतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण ६.९ टक्के निघालं. नेहमीच्या सेवेत ते ११.६ टक्के होतं. विश्वास असा पूर्ण दिवसांच्या बाळंतपणांतही दिसतो!

मैत्रिणींनो, उद्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत रजिस्टर सहीसाठी पुढे आलं, तर आधी एवढंच विचारा: आमच्या बोलण्याने यातलं काय बदललं?