‘पानी’ला हसणाऱ्यांचे व्याकरण

१/ दर काही दिवसांनी एक चित्र समाजमाध्यमांवर फिरते. ‘क’पासून ‘म’पर्यंतची २५ व्यंजने, शेजारी मुखाचा उभा छेद आणि खाली गर्वोक्ती : आपली वर्णमाला जगात सर्वाधिक शास्त्रीय! हेच चित्र पाठवणारे पुढच्या क्षणी एखाद्या वऱ्हाडी मुलाच्या चित्रफितीखाली ‘आनि पानी’ लिहून हसतात. त्यांना ना तो तक्ता कळला आहे, ना मराठीचा इतिहास. म्हणून हा धागा.

२/ आधी तक्ता. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जातो, ‘च’ला मधला भाग टाळूला लागतो, ‘ट’ला टोक मागे वळते, ‘त’ला ते दातांशी येते, ‘प’ला ओठ मिटतात. ओळी अशा कंठाकडून ओठांकडे येतात. गळ्यावर बोट ठेवून लांब ‘स’ आणि लांब ‘म’ म्हणून पाहा. ‘म’ला बोटाखाली कंप जाणवेल, ‘स’ला नाही. हा घोष-अघोष भेद.

आता ‘न’ आणि ‘ण’. दोन्ही घोष. दोन्हींत मृदुतालू खाली येऊन श्वास नाकावाटे जातो. फरक एवढाच, की ‘न’चा अडथळा दातांच्या मुळाशी आणि ‘ण’चा त्यामागे, वळवलेल्या जिभेने. तक्ता ध्वनीचा पत्ता सांगतो. कोणत्या पत्त्यावर सभ्य लोक राहतात, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

३/ ‘पण शुद्ध काय?’ बरे, शुद्धच पाहू. संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. ‘नवनीत’मध्येही ‘न’च, ज्याचे आपण ‘लोणी’ केले. प्राकृतात ‘न’च्या जागी सर्वत्र ‘ण’ येतो, असा नियम वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त नोंदवला आहे. म्हणजे संस्कृताच्या मापाने ‘पाणी’ हाच अपभ्रंश! वऱ्हाडीने मूळ ‘न’ जपून ठेवला असे मी म्हणत नाही, तिथे ‘ण’चा पुन्हा ‘न’ झाला असावा. पण एका बदलाला प्रमाण आणि दुसऱ्याला गावंढळ म्हणण्याचे कारण ध्वनिशास्त्रात सापडणार नाही. ते पुण्या-मुंबईच्या सत्तेत सापडेल.

४/ आणि हसणाऱ्यांचे स्वतःचे मुख? ‘षटकोन’ आणि ‘शहर’ यांचा आरंभ बहुतेकांच्या तोंडी एकच असतो. ‘ऋषी’चा ‘रुषी’ झाला, ‘ज्ञान’चे ‘द्न्यान’. मराठीत ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांतले दोन ‘ज’ वेगळे आहेत, पण अक्षर एकच. ज्या लिपीला आपण परिपूर्ण म्हणतो, तिच्यात हा भेद दाखवण्याची सोय नाही. यावर मात्र कुणी हसत नाही.

५/ या परंपरेचे खरे वैभव अन्यत्र आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगते : कंठ मिटलेला असता नाद, उघडा असता श्वास आणि मधल्या स्थितीत ‘ह’. अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी अथर्ववेदाचे (१८६२) आणि तैत्तिरीय (१८७१) प्रातिशाख्य संपादले. मोठे काम. पण या वर्णनातून त्यांना काही बोध होईना, कारण श्वास आणि नाद यांच्या मधला उच्चार त्यांना ठाऊक नव्हता. पुढे ध्वनिशास्त्राला तो सापडला : स्वरतंतू कंप पावत असतानाच त्यांच्या फटीतून श्वास निसटतो. आपला ‘हात’मधला ‘ह’, तसेच ‘घ’, ‘ध’, ‘भ’ याच जातीचे. १९५३ साली डब्ल्यू. एस. ॲलन यांनी प्राचीन भारतीय ध्वनिविचारावरील आपल्या पुस्तकात प्रातिशाख्यकारांची बाजू उचलून धरली. कानाने ऐकलेले पोथीकारांनी लिहून ठेवले होते. व्हिटनींनी ते आपल्या चौकटीत बसत नाही म्हणून दूर सारले. ‘आनि पानी’वाले दुसरे काय करतात?

६/ आक्षेप येईल, की प्रातिशाख्यांतही उच्चारदोषांची यादी आहे. आहेच, ऋक्प्रातिशाख्यात तर सविस्तर. पण ती वेदपठणासाठी, एक ठरलेली संहिता अक्षरशः टिकवण्यासाठी. बाजारात पाणी मागणाऱ्यासाठी नव्हे. आणि तेच ऋक्प्रातिशाख्य ‘र’चे स्थान दंतमूल सांगून काहींच्या मते ते वर्त्स्य, म्हणजे हिरडीवरचे, असेही नोंदवते. पाणिनीय परंपरा त्याला मूर्धन्य म्हणते.

७/ तुमच्या गावी ‘र’ म्हणताना जीभ कुठे लागते, ते तपासून गावाच्या नावासह खाली लिहा. ‘पानी’ म्हणणाऱ्यांनी आधी.